रोज एक चित्र

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे गाव आहे. गावाभोवती काळीभोर जमीन पसरलेली असून, मृगाचा पाऊस झाला की तिच्यावर कापूस, सोयाबीन, तूर ही पिके उभी राहतात. या शिवारात एका वर्षी आम्ही एक लहानसा उपक्रम केला. आम्ही म्हणजे मी आणि शेजारच्या शेतकऱ्याचा सातवीतला मुलगा. रोज एक छायाचित्र काढावयाचे, एकही दिवस चुकवावयाचा नाही, आणि वहीत त्या चित्राची तारीख, स्थळ व दोन ओळींचे वर्णन लिहावयाचे, एवढाच आमचा नियम होता.

हा नियम वाटतो तितका सोपा नाही. अमेरिकेत जेमी लिव्हिंग्स्टन नावाच्या एका छायाचित्रकाराने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक छायाचित्र काढण्यास आरंभ केला व २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, म्हणजे मृत्यूच्या दिवसापर्यंत, तो परिपाठ चालू ठेवला. अठरा वर्षांहून अधिक काळ! आमची मजल मात्र तीन आठवड्यांतच अडखळली. देऊळ झाले, बैलजोडी झाली, आठवडी बाजार झाला, पावसाने भरलेला ओढा झाला. मग मुलगा म्हणाला, "गुरुजी, आता काय राहिलं? गाव तर संपलं."

गाव संपले नव्हते. त्याच्या दप्तरात शाळेतील प्रयोगासाठी आणलेले एक हातभिंग होते. ते त्याने सहज माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरले आणि कपाशीच्या पानाकडे वळवले. पडद्यावर जे दिसले ते पाहून आम्ही दोघेही वाकलेलेच राहिलो. पानाच्या शिरा ओहोळांसारख्या पसरल्या होत्या, पानाच्या पाठीवर बारीक लव उभी होती, आणि त्या लवेतून एक हिरवट तुडतुडा तिरका तिरका चालला होता.

हे कसे घडते, ते थोडक्यात सांगतो. साध्या कॅमेऱ्याने वस्तूच्या फार जवळ गेले की चित्र पुसट होते, कारण इतक्या जवळून येणारे प्रकाशकिरण त्याच्या भिंगाला नेमक्या जागी एकत्र आणता येत नाहीत. पुढे आणखी एक बहिर्गोल भिंग धरले, म्हणजे ते काम त्या भिंगाच्या साहाय्याने होते आणि आपल्याला वस्तूच्या अगदी निकट जाता येते. अशा छायाचित्रणाला मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. काटेकोरपणे बोलावयाचे तर, वस्तू जेवढी असेल निदान तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आतील प्रकाशग्राही पट्टीवर उमटली पाहिजे, तरच ते मॅक्रो. परंतु शिवारात उभे राहून इतका काटेकोरपणा करण्याचे कारण नाही.

जवळ जाण्याची किंमत मात्र द्यावी लागते. अशा चित्रात स्पष्ट दिसणारा भाग अत्यंत पातळ असतो. कधी कधी तो एक मिलिमीटरही भरत नाही. मुंगीचा डोळा स्पष्ट आला की तिचे पोट धूसर होते. झाडाचे पान वाऱ्याने जरासे हलले की सारेच विस्कटते. म्हणून आम्ही सकाळची वेळ ठरवली. त्या वेळी वारा पडलेला असतो, आणि रात्रीच्या गारव्याने आखडलेले किडे ऊन चढेपर्यंत फारशी हालचाल करीत नाहीत. मुलगा एका हाताने फांदी धरी व दुसऱ्या हाताने वहीचा कोरा कागद पानाच्या मागे धरी, म्हणजे सावलीच्या बाजूलाही उजेड पोहोचे. मी श्वास रोखून बटण दाबी. दहा चित्रांतून एखादेच चांगले निघे.

श्वास रोखण्यावरून एका शेतकऱ्याची आठवण होते. अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात, जेरिको या गावी, विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी राहत असे. आकाशातून पडणारे हिमकण जवळून कसे दिसतात, याचा त्याला ध्यास लागला होता. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी एका हिमकणाचे छायाचित्र काढले. त्या वेळी तो अवघा १९ वर्षांचा होता. हिमकण काळ्या फळीवर झेलावयाचा, काडीने उचलून काचेवर ठेवावयाचा आणि आपल्या उष्ण श्वासाने तो वितळू नये म्हणून श्वास रोखावयाचा, अशी त्याची रीत होती. दरवर्षी हिवाळा आला की त्याचे हे काम सुरू होई. १९३१ साली तो वारला, तोपर्यंत त्याच्याजवळ पाच हजारांहून अधिक चित्रे जमली होती. त्याच्याजवळ ना पदवी होती, ना प्रयोगशाळा. मला या माणसाविषयी फार आदर वाटतो.

आमच्या शिवारात हिम नाही. पण कपाशीचे एक झाड म्हणजे भरलेले गावच असते. कोवळ्या शेंड्याच्या पानांखाली मावा बसला होता. तो रस शोषतो आणि गोड, चिकट पदार्थ बाहेर टाकतो. तो चाटण्यासाठी मुंग्यांची रांग लागली होती. दुसऱ्या एका पानावर केसासारख्या बारीक देठांच्या टोकांवर पांढरी अंडी अधांतरी उभी होती. ती क्रायसोपा या किडीची. तिची पिल्ले माव्यावर जगतात. आणखी एके ठिकाणी काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसणारी एक अळी फिरत होती. मुलाच्या वडिलांनी ती पाहिली व चिरडण्यासाठी बोट पुढे केले. मुलाने त्यांचा हात धरला. "दादा, थांबा. उद्या बघू ती काय करते."

दुसऱ्या दिवसाच्या चित्रात त्या अळीच्या तोंडात मावा होता. आठवडाभरात तिचा कोष झाला, आणि कोषातून केशरी पाठीचा, त्यावर काळ्या नागमोडी रेषा असलेला ढालकिडा बाहेर आला. 'किडा' या एका शब्दात आपण किती वेगवेगळ्या जिवांना कोंबतो! फवारणीच्या पंपाला मात्र त्यांतला भेद कळत नाही. मावा मरतो आणि माव्याला खाणाराही मरतो. दादांनी त्या आठवड्यातील फवारणी पुढे ढकलली.

कोळी तर अनेक दिसले. उड्या मारून भक्ष्य पकडणारे काही कोळी अवघ्या काही मिलिमीटरांचे असतात. अशाच एका कोळ्याची नवी जात ठाणे परिसरात सापडली व २०२१ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात अतिरेक्याला घट्ट धरून ठेवताना प्राण देणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला 'इसियस तुकारामी' हे नाव देण्यात आले आहे.

ऑगस्ट संपत आला आणि कपाशीला फुले लागली. आम्ही एक फूल निवडून त्याच्या देठाला दोरा बांधला. पहिल्या दिवशी त्याच्या पाकळ्या पिवळसर पांढऱ्या होत्या व परागांचे गोल कण स्पष्ट मोजता येत होते. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी झाले. पुढे पाकळ्या कोमेजून गळाल्या आणि तळाशी हिरवे, चिमुकले बोंड राहिले. पहिली दोन चित्रे शेजारी ठेवून मुलाने घरी दाखवली, तेव्हा त्याच्या आजीने ती दोन निराळ्या झाडांची फुले म्हणून सांगितली. जन्मभर कापूस वेचलेली बाई ती. परंतु एकाच फुलापाशी दोन दिवस थांबण्याची सवड तिला कोण देणार?

मग एके सकाळी एक फूल उमललेच नाही. त्याच्या पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटून गुलाबाच्या अर्धवट मिटलेल्या कळीसारख्या राहिल्या होत्या. भिंगातून पाकळ्यांवर बारीक रेशमी धागे दिसले. मुलाने पाकळ्या अलगद सोडवल्या. आत काळ्या डोक्याची, पांढुरकी, लहानशी अळी होती.

अशा फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतात, आणि ती अळी म्हणजे गुलाबी बोंडअळी. पुढे वाढल्यावर तिला गुलाबी रंग येतो. भारतात २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे पुष्कळांना वाटले होते. परंतु ही अळी हळूहळू त्या कपाशीलाही दाद देईनाशी झाली, आणि २०१७ साली तिने महाराष्ट्रातील कापसाचे अतोनात नुकसान केले. तिचा घातकीपणा असा की कोवळ्या बोंडात शिरल्यावर तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून निरोगी दिसते. आत सरकी पोखरली जाते, रुई डागाळते, आणि शेतकऱ्याला ते कळते तेव्हा वेचणीची वेळ आलेली असते. तिला वेळीच ओळखण्याची जागा म्हणजे डोमकळी.

त्या दिवसापासून आमच्या चित्रांना निराळेच वळण लागले. मुलगा रोज सकाळी ओळीने शंभर फुले तपासू लागला व डोमकळ्यांची संख्या वहीत लिहू लागला. शंभरात दहा फुले बाधित झाली तर उपाययोजना केलीच पाहिजे, असा कृषितज्ज्ञांचा संकेत आहे. त्याच्या वहीत तो आकडा चारापुढे गेला नाही, कारण दिसलेली प्रत्येक डोमकळी तोडून ती अळीसह नष्ट करण्यात येत होती. दादांनी शेतात कामगंध सापळेही लावले. मादीच्या गंधासारखा गंध त्यात ठेवलेला असतो आणि त्याला भुलून नर पतंग आत अडकतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर तो धोक्याचा इशारा समजतात. सापळ्यातील पतंगांचेही आम्ही चित्र काढले. दिसावयास तो अगदी सामान्य, मातकट रंगाचा जीव आहे.

डिसेंबरात वेचण्या संपल्या. पुष्कळ जण पाणी देऊन फरदड घेतात, म्हणजे त्याच झाडांवर आणखी बोंडे धरू देतात. दादांनाही तो मोह झाला होता. त्या सुमारास मुलाला एका किडक्या बोंडात एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या सापडल्या. ब्लेडने त्या हलकेच वेगळ्या केल्या, तेव्हा आत गुलाबी अळी अंग आखडून निजलेली दिसली. पुढच्या हंगामापर्यंत ती अशीच पडून राहू शकते. त्याने चित्र काढले, मोठे करून वडिलांपुढे धरले आणि काहीच बोलला नाही. आठवड्याच्या आत पऱ्हाटी उपटून शेताबाहेर नेण्यात आली.