पहिली भाषा आणि सातचा पाढा

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक हमखास विचारतात, ‘सुट्टीत मुलाला कोणती लँग्वेज शिकवू? सी, जावा की पायथन?’ माझं उत्तर बहुतेक वेळा पायथन असतं. मात्र डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगचा प्रवेश झाला असेल आणि पहिल्या वर्षी सी असेल, तर सरळ सीच धरा. परीक्षा तिच्यातच द्यायची आहे.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली ती सिस्टिमची कामं करण्यासाठी. त्यामुळे मेमरीचा हिशेबही प्रोग्रामरनेच ठेवायचा. १९९१ साली पायथन जगापुढे आणणाऱ्या गिडो व्हॅन रॉसम यांनी त्याआधी एबीसी या नवशिक्यांना सोप्या जाणाऱ्या भाषेवर काम केलं होतं. तो सोपेपणा पायथनमध्येही उतरला आहे.

मुलाला सातचा पाढा छापायला सांगा. पायथनमध्ये तो रेंजच्या कंसात १ आणि १० लिहील, आणि पाढा ६३ वरच थांबेल. रेंज शेवटचा आकडा धरत नाही, हे त्याला नऊ ओळी मोजूनच कळेल; मग तो १० च्या जागी ११ लिहील. सीमध्ये याच कामात फॉरच्या ओळीपुढे चुकून सेमीकोलन पडला, तर पडद्यावर एकच आकडा उमटतो: ७७. लूप दहा वेळा रिकामाच फिरतो, मोजणी ११ वर जाते आणि छपाई त्यानंतर एकदाच होते. हे शोधणंही शिक्षणच आहे, पण पहिल्याच आठवड्यात त्यापायी रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत.

जावा उत्तम, पण दुसरी भाषा म्हणून. दोन महिन्यांत तिन्ही भाषा शिकवणाऱ्या पॅकेजला कृपा करून पैसे भरू नका. त्यातून प्रमाणपत्रं मिळतात. पाढा कुठे अडला ते शोधायची सवय लागत नाही, आणि पुढे सगळी भिस्त त्या सवयीवरच असते. ‘आता एआयच कोड लिहितं’ ही धास्तीही मी रोज ऐकतो. लिहितं खरं, पण त्यातला ७० गळला आहे हे कोणाला तरी दिसायला हवं ना?

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मोफत आहेत, अनेक मराठीतूनही आहेत. एनपीटीईएलवर माधवन मुकुंद यांचा पायथनचा आणि अनुपम बसू यांचा सीचा अभ्यासक्रम आहे. बघायला पैसे पडत नाहीत, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची. भारी लॅपटॉपही लागत नाही. घरातला जुना चालतो. मोबाइलवर मात्र भागवू नका. रोज तासभर खरा कीबोर्ड हाताखाली हवा, आणि तेवढा वेळ ‘झालं का रे?’ असं विचारायला कुणी खोलीत डोकावू नये.