पहिल्या लोकसभेत आपलं कोण होतं?



इयत्ता आठवीच्या राज्यशास्त्रात ‘भारताची संसद’ हा पाठ आहे आणि दहावीत ‘निवडणूक प्रक्रिया’. दोन्ही पाठ शिकवताना पहिल्या लोकसभेचा उल्लेख येतोच. मुलं तारखा पाठ करतात, पंडित नेहरू आणि मावळंकर ही दोन नावं लिहितात आणि पुढे जातात. पण चंदनसारच्या एखाद्या मुलाने हात वर करून विचारलं, “सर, तेव्हा आपल्याकडून कोण गेलं होतं?” तर? हा प्रश्न मुलांनी विचारला नाही तरी आपण विचारायला हवा. कारण संसद म्हणजे दिल्लीतली इमारत एवढंच चित्र मुलाच्या डोक्यात राहिलं, तर प्रतिनिधी म्हणजे काय हे त्याला कधी कळणारच नाही. आपल्या गावावरून सुरुवात केली की तोच पाठ जिवंत होतो.

आधी नकाशा बदला

वर्गात जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. १९५२ मध्ये महाराष्ट्र राज्य नव्हतं. त्यामुळे ‘पहिल्या लोकसभेतले महाराष्ट्राचे खासदार’ असं फळ्यावर लिहिलं तर ते चुकीचं ठरेल. आपला भाग मुंबई राज्यात होता आणि त्याच राज्यात गुजरातचा मोठा भाग आणि काही कन्नड जिल्हेही होते. विदर्भ तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता, तर मराठवाडा हैदराबाद राज्यात. म्हणजे मराठी बोलणारे खासदार तीन वेगवेगळ्या राज्यांमधून दिल्लीला गेले होते.

आपला पालघर जिल्हाही तेव्हा नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. वसई-विरार महानगरपालिका २००९ ची. त्या वेळी वसई, पालघर, डहाणू, जव्हार, मोखाडा हे सगळं ठाणे जिल्ह्यात होतं आणि लोकसभेच्या मतदारसंघाचं नावही ‘ठाणे’च होतं.

एक मतदारसंघ, दोन खासदार

आता मुलांना चकित करणारी गोष्ट सांगा. ठाण्यातून एक नाही, दोन खासदार निवडून गेले! एक गोविंद धर्माजी वर्तक आणि दुसरे अनंत सावळाराम नंदकर. दोघेही काँग्रेसचे, निशाणी बैलजोडी.

हे कसं काय? पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागा होत्या, पण मतदारसंघ होते ४०१. त्यातले ३१४ एका जागेचे, ८६ दोन जागांचे आणि एक तर चक्क तीन जागांचा होता. ही बेरीज मुलांकडूनच करून घ्या, गणिताचाही सराव होईल. दोन जागांच्या मतदारसंघात एक जागा सर्वसाधारण असे आणि दुसरी अनुसूचित जाती किंवा अनुसूचित जमातीसाठी राखीव. ठाण्यात दुसरी जागा अनुसूचित जमातीसाठी होती.

प्रत्येक मतदाराला दोन मतं मिळत, पण दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नसत. मोजणीत आधी राखीव जागा भरली जाई. त्या प्रवर्गातल्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वांत जास्त मतं, तो निवडून येई. मग उरलेल्या सगळ्यांत ज्याची मतं जास्त, तो दुसरा. म्हणजे दोन्ही जागा राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांनाही मिळू शकत होत्या आणि १९५७ मध्ये आंध्रात तसं घडलंही. तिथे पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी याच नियमामुळे हरले. १९६१ मध्ये कायदा करून दोन जागांचे मतदारसंघ बंद केले गेले.

वर्तक आणि नंदकर

वर्तक म्हणजेच अण्णासाहेब वर्तक. वसई रोडच्या ज्या कॉलेजात आपल्यापैकी अनेक जण शिकले, त्याला त्यांचंच नाव आहे. खासदार होण्याआधी ते बाळासाहेब खेरांच्या मुंबई मंत्रिमंडळात मंत्री होते. त्यांचे चिरंजीव हरी गोविंद तथा भाऊसाहेब वर्तक पुढे महाराष्ट्राचे मंत्री झाले. रोज ट्रेनने वसईला उतरणाऱ्या मुलांना हे नाव पाटीवर दिसतं, पण ही व्यक्ती देशाच्या पहिल्या लोकसभेत बसली होती, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

नंदकरांचं नाव मात्र मुलांच्या कानावर सहसा पडत नाही. आणि माझ्या मते या पाठाचा खरा गाभा तिथेच आहे. सभागृहात दोघांचं मत सारखंच होतं. एकाचं एक, दुसऱ्याचंही एकच. माजी मंत्र्याचं मत जड आणि आदिवासी खासदाराचं हलकं, असं तिथे नव्हतं.

याचं महत्त्व कळायला फक्त सात वर्षं मागे जा. १९४५ मध्ये याच जिल्ह्यातला आदिवासी वेठबिगारीत अडकलेला होता. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि नवरा-बायको दोघांनी वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं, याला ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी इथे वारल्यांची मोठी सभा झाली आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने वेठ नाकारण्याचं आंदोलन सुरू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा इथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह काही वारली मारले गेले.

ब्रिटिशांच्या काळात मालमत्ता, कर किंवा शिक्षण असेल त्यालाच मत होतं. वेठबिगाराकडे यातलं काहीच नव्हतं. १९५२ ला तोच माणूस मतदान केंद्रावर गेला, मालकाच्याच रांगेत उभा राहिला आणि मालकाइतकीच मतं टाकून आला. वेठ एका दिवसात संपली असं नाही. पण कागदावर का होईना, दोघं समान झाले. हे मुलांना सांगताना घाई करू नका.

नाव सांगितलं नाही, मत गेलं

सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार, वय किमान २१ वर्षं. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के. म्हणून निशाण्या आल्या. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याची निशाणी. शिक्का मारायचा नाही, फक्त कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. पहिलं मतदान २५ ऑक्टोबर १९५१ ला हिमाचलात झालं आणि शेवटचं फेब्रुवारी १९५२ मध्ये.

याद्या करताना एक वेगळीच अडचण आली. अनेक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली की मतदाराला स्वतःचं नाव हवं. परिणामी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. ही अडचण बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा भागांत जास्त होती. विरार पूर्वेच्या आपल्या शाळांमध्ये या राज्यांतून आलेल्या कुटुंबांची मुलं भरपूर आहेत. त्यांना सांगा, “घरी जाऊन पणजीचं नाव विचारून ये.” किती मुलांना ते सापडतं, ते बघा. मराठी घरांतही हा प्रश्न विचारून बघण्यासारखा आहे.

आणि ज्या बायका निवडून आल्या त्या किती? साऱ्या देशातून पंचवीससुद्धा नाहीत. आपल्या खाडीपलीकडच्या मुंबई उपनगर मतदारसंघातून जयश्री रायजी, पुण्यातून इंदिरा मायदेव आणि नागपुरातून अनसूयाबाई काळे गेल्या. मुलींना ही नावं जरूर सांगा.

मराठी माणसं कुठे-कुठे होती?

सगळी यादी देत बसू नका, चार-पाच नावं पुरेत. कुलाब्यातून सी. डी. देशमुख गेले आणि देशाचे अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं. अमरावतीकडून पंजाबराव देशमुख, ते कृषिमंत्री. जळगावहून हरिभाऊ पाटसकर, ज्यांनी हिंदू वारसा कायद्याचं विधेयक मंत्री म्हणून सभागृहातून पार नेलं. रत्नागिरी भागातून आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले.

आणि जे हरले, तेही सांगा. मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडणूक हरले, नारायण काजरोळकर जिंकले. ज्यांनी संविधान घडवलं, त्यांनाही मतदारासमोर उभं राहावं लागलं आणि मतदाराने दुसऱ्याला निवडलं. बाबासाहेब मग राज्यसभेवर गेले. मुलं इथे हमखास प्रश्न विचारतात, “असं कसं?” त्यांना बोलू द्या. वर्गात अशी चर्चा रोज होत नाही.

सभापतीची निवड: वर्गात सांगावा असा प्रसंग

पहिल्या लोकसभेची पहिली बैठक १३ मे १९५२ ला भरली. १५ मे ला सभापतीची म्हणजे अध्यक्षाची निवड झाली. एका बाजूला अहमदाबादहून आलेले गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर, मूळचे मराठी घरातले. दुसऱ्या बाजूला विरोधकांचे उमेदवार सोलापूरचे शंकरराव मोरे, शेतकरी कामगार पक्षाचे. दोन्ही उमेदवार मराठी!

मावळंकर ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडून आले. आणि मोऱ्यांनी स्वतःचं मत कोणाला दिलं असेल? मावळंकरांना! दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांना मत द्यावं, हा संकेत त्यांनी पाळला. आमचं म्हणणं वेगळं आहे, म्हणून निवडणूक लढवली, पण समोरच्याचा मान ठेवला. वर्गाच्या मॉनिटरच्या निवडणुकीआधी हा प्रसंग मुलांना अवश्य सांगा.

आणखी एक गंमत. १९५२ मध्ये ‘लोकसभा’ हे नाव अजून रूढ नव्हतं. संविधानातल्या इंग्रजी नावाचा हा हिंदी पर्याय मावळंकरांनी १४ मे १९५४ रोजी जाहीर केला. पाच वर्षांत या सभागृहाच्या ६७७ बैठका झाल्या. हिंदू विवाह कायदा १९५५, अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५, हिंदू वारसा कायदा १९५६ आणि राज्य पुनर्रचना कायदा १९५६ हे याच सभागृहाने केले.

पाच वर्षांनी काय झालं?

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं. ठाण्याच्या दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. निवडून आले कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू माटेरा. तेच परुळेकर, जे १९४५ मध्ये वारल्यांच्या आंदोलनात होते! कोणता पक्ष बरा, हे आपल्याला वर्गात सांगायचं नाही. सांगायचं एवढंच, की पाठवणाऱ्या लोकांनीच पाच वर्षांनी माणसं बदलली आणि कुणाला बंदूक हातात घ्यावी लागली नाही.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. दोन मतांची निवडणूक. पाच खोके घ्या, प्रत्येकावर एक चित्र लावा: छत्री, होडी, झाड, घड्याळ, मासा. होडी आणि मासा राखीव जागेचे उमेदवार. प्रत्येक मुलाला दोन चिठ्ठ्या द्या, दोन्ही एकाच खोक्यात टाकायच्या नाहीत. मोजणी १९५२ च्या नियमाने मुलांनीच करायची. तीस-चाळीस मिनिटांत राखीव जागा म्हणजे काय हे जेवढं समजतं, तेवढं व्याख्या पाठ करून समजत नाही.

२. तेव्हा आणि आता. मूळ संविधानात साधारण ५ ते साडेसात लाख लोकसंख्येमागे एक खासदार अशी मर्यादा होती. आजच्या आपल्या पालघर मतदारसंघात, जो अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, नुसते मतदारच २० लाखांच्या वर आहेत आणि खासदार एक. मुलांना विचारा, एका माणसाला एवढ्या लोकांचं ऐकता येईल का? नाही, तर काय करता येईल?

३. घरची मतदार यादी. घरातल्या सगळ्या मोठ्यांची, विशेषतः आजी-पणजीची पूर्ण नावं लिहून आणायची. कोणी पहिलं मत कधी आणि कुठे दिलं, तेही विचारायचं. गाव कोकणातलं असो, खानदेशातलं असो की जौनपूरचं.

४. नंदकरांचा शोध. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू भागात ज्यांचे नातेवाईक आहेत, त्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारावं: आपले पहिले आदिवासी खासदार अनंत नंदकर कुणाला आठवतात का? जे ऐकाल ते तारखेसह वहीत लिहा.

पालकांना एक विनंती. चौथा उपक्रम मुलांवर सोडू नका, तुम्हीही सोबत बसा. १९५२ ला मत दिलेली माणसं आज नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांना विचारायला आता फार वेळ उरलेला नाही, आणि ते जे सांगतील ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

तुमच्या वर्गात पेट्यांची निवडणूक कशी झाली, कोण जिंकलं आणि मुलांनी काय प्रश्न विचारले, ते नक्की कळवा.