लसूण आणि कुत्रा

मनुष्याने जे प्राणी माणसाळविले, त्यांत कुत्र्याचा मान पहिला आहे. हजारो वर्षांपूर्वी तो मानवाच्या शेकोटीजवळ आला आणि त्याच्या अन्नाचा वाटेकरी झाला. आजही घरातील जेवणे आटोपली, की दारातला कुत्रा शेपूट हालवीत उभा राहतो, आणि त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा किंवा आमटीत कालवलेला भात येतो. या उरल्यासुरल्या अन्नाबरोबर फोडणीतला कांदा आणि लसूणही त्याच्या पोटात जातो. कित्येक घरी तर कुत्र्याला लसूण मुद्दाम चारतात. लसणाने जंत पडतात, रक्त शुद्ध होते, आणि अंगावर पिसवा व गोचिडी राहत नाहीत, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज खरा आहे काय? ज्या मुक्या प्राण्याला आपले दुखणे बोलून सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत या प्रश्नाचा विचार अधिकच काळजीपूर्वक केला पाहिजे.

लसणाविषयी लोकांच्या मनात एवढा विश्वास का आहे, हे आधी पाहिले पाहिजे. आयुर्वेदाने लसणाची थोरवी फार पूर्वी ओळखली होती. संस्कृतात त्याला ‘रसोन’ असे नाव आहे. सहा रसांपैकी केवळ आम्ल हा एक रस त्यात उणा आहे, म्हणून तो रसोन, अशी या नावाची फोड करतात. पुढे पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीही त्याचे गुण तपासले. लसणामुळे रोगजंतूंची वाढ रोखली जाते, असे त्यांना आढळले. १९४४ साली अमेरिकेतील कॅव्हालिटो व बेली या रसायनशास्त्रज्ञांनी लसणातील एक जंतुनाशक द्रव्य वेगळे काढले. त्याला ‘ॲलिसिन’ असे म्हणतात. लसणाची अखंड पाकळी हातात घेतली, तर तिला फारसा वास येत नाही. तीच पाटावरवंट्यावर ठेचली, की उग्र दर्प सुटतो. याचे कारण असे, की ॲलिसिन पाकळीत तयार स्थितीत नसते. ठेचताना पाकळीतील पेशी फुटतात, त्यांतील दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांत मिसळतात, आणि त्या क्षणी हे द्रव्य निर्माण होते. या द्रव्यात व त्यापासून होणाऱ्या इतर द्रव्यांत गंधकाचा अंश असतो. लसणाचा वास आणि तिखटपणा या गंधकयुक्त द्रव्यांमुळेच येतो.

परंतु जी द्रव्ये मनुष्याला मानवतात, ती कुत्र्याला मानवतीलच असे नाही. प्राण्याच्या रक्तात असंख्य लाल पेशी असतात. त्यांतील हीमोग्लोबिन नावाचे द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायू घेते आणि तो शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोचविते. कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये पचनानंतर रक्तात उतरली, की ती या लाल पेशींवर आघात करतात. उघड्यावर पडलेले लोखंड जसे हवेने व ओलाव्याने गंजते, तसेच काहीसे त्या पेशींचे होते. बिघडलेल्या हीमोग्लोबिनच्या लहान लहान गुठळ्या पेशीच्या आवरणाला आतून चिकटतात. रॉबर्ट हाइन्झ या जर्मन वैद्याने १८९० साली अशा गुठळ्यांचे वर्णन केले. म्हणून त्यांना ‘हाइन्झ पिंड’ असे नाव पडले. अशा दूषित पेशी प्लीहेत अडकतात व नष्ट होतात, काही रक्तातच फुटतात. नव्या पेशी तयार होण्याच्या वेगापेक्षा जुन्या पेशींचा नाश अधिक वेगाने झाला, तर रक्तक्षय होतो. कुत्र्याच्या लाल पेशी हा आघात मनुष्याच्या पेशींइतका सहन करू शकत नाहीत, आणि मांजराच्या पेशी तर त्याहूनही नाजूक असतात.

हे केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील वैद्य सेब्रेल यांनी कुत्र्यांना कांदा खाऊ घालून पाहिला, तेव्हा त्यांना रक्तक्षय होतो असे आढळले. हे निष्कर्ष त्यांनी १९३० साली प्रसिद्ध केले. कांदा व लसूण ही एकाच कुलातील भावंडे. तेव्हा लसणाचीही परीक्षा होणे अगत्याचे होते. जपानमधील होक्काइदो विद्यापीठातील संशोधकांनी ती केली व आपले निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. त्यांनी आठ कुत्रे घेतले. चार कुत्र्यांना सात दिवस रोज एकदा लसणाचा अर्क दिला, आणि उरलेल्या चार कुत्र्यांना नुसते पाणी दिले. अर्काचे प्रमाण शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे पाच ग्रॅम लसणाइतके होते. लसूण दिलेल्या कुत्र्यांच्या रक्तातील लाल पेशी व हीमोग्लोबिन कमी होत गेले, आणि नवव्या ते अकराव्या दिवशी ते सर्वांत खाली आले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत हाइन्झ पिंड व इतर विकृतीही दिसल्या. लसूण बंद केल्यानंतरही दोनचार दिवस रक्त घटतच होते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तथापि न्यायाने बोलावयाचे, तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या प्रयोगातील लसणाचे प्रमाण फार मोठे होते. दहा किलोग्रॅम वजनाच्या कुत्र्याला त्या हिशेबाने रोज पन्नास ग्रॅम, म्हणजे दहाबारा मोठ्या पाकळ्या लागतील. इतके देऊनही त्या चारांपैकी एकही कुत्रा रक्तक्षयाने प्रत्यक्ष आजारी पडला नाही. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, दीर्घकाळ मुरवून सौम्य केलेला लसणाचा अर्क निरोगी कुत्र्यांना थोड्या प्रमाणात बारा आठवडे दिला असता त्यांना अपाय झाला नाही, असे दिसून आले. यास्तव कुत्र्याने आमटीतील एखादी पाकळी चुकून खाल्ली, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

मग थोडा लसूण देण्यास काय हरकत आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तराजूच्या दोन पारड्यांत आहे. एका पारड्यात लाभ घालावा. लसणाने कुत्र्याच्या अंगावरील पिसवा जातात किंवा पोटातील जंत पडतात, हे भरवशाच्या प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. दुसऱ्या पारड्यात धोका घालावा. मुरवलेला सौम्य अर्क वेगळा आणि घरातला ताजा लसूण वेगळा. लहान कुत्र्याला थोडे प्रमाणही भारी पडते, आणि थोडे थोडे रोज दिल्यास अपाय साठत जातो. जपानी अकिता व शिबा या जातींच्या पेशी तर अधिकच हळव्या असतात. लसूण शिजविल्याने त्याचा दोष नाहीसा होत नाही. वाळवून केलेल्या पुडीत तो उलट एकवटतो. लाभ अनिश्चित आणि धोका निश्चित, अशा वेळी शहाण्याने कोणते पारडे निवडावे, हे सांगावयास नको. पिसवा घालविण्यासाठी रक्त घालविणे, म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर होय. पिसवांसाठी कुत्र्याला नियमित आंघोळ घालावी, बारीक दातांच्या फणीने विंचरावे, त्याचे अंथरूण धुऊन उन्हात टाकावे, आणि पशुवैद्याने सांगितलेले औषध लावावे.

कुत्र्याने पुष्कळ लसूण किंवा कांदा खाल्लाच, तर काय करावे? प्रथम उलटी, जुलाब व अन्नावरची वासना उडणे ही चिन्हे दिसतात. खरा अपाय मात्र कित्येकदा काही दिवसांनी प्रकट होतो. हिरड्या फिकट पडतात, कुत्रा लवकर थकतो, धापा टाकतो, आणि त्याची लघवी लालसर किंवा तपकिरी होते. या चिन्हांची वाट पाहत बसू नये. कुत्र्याने काय व किती खाल्ले हे सांगून तत्काळ पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. मिठाचे पाणी पाजून घरीच उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. मुंबईस परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले. तेव्हापासून महाराष्ट्रात या शास्त्राचे शिक्षण घेतलेल्या वैद्यांच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या आहेत. त्यांच्या ज्ञानाचा लाभ मुक्या जनावरांना मिळवून देणे, हे धन्याचे कर्तव्य आहे.

कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याची आपल्याकडील रीत चांगली आहे. ती मोडण्याचे कारण नाही. मात्र तो घास फोडणी घालण्यापूर्वी काढावा. साधी भाकरी, मऊ भात, उकडलेले अंडे यांनी त्याचे पोट आनंदाने भरते. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट हे पदार्थ त्याच्यापासून दूर ठेवावेत. कुत्रा धन्याच्या हातातील घास तपासून पाहत नाही. तो विश्वासाने खातो. त्या विश्वासाला पात्र व्हावयाचे, तर मायेबरोबर ज्ञानही हवे. डोळस मायाच खरे रक्षण करते.

स्वाध्याय

१. कुत्र्याला लसूण चारण्यामागे लोकांचे कोणते समज आहेत?
२. अखंड पाकळीपेक्षा ठेचलेल्या लसणाचा वास अधिक उग्र का असतो?
३. लसणातील द्रव्यांमुळे कुत्र्याच्या रक्तात कोणता बदल होतो, ते आपल्या शब्दांत सांगा.
४. होक्काइदो येथील प्रयोगात चार कुत्र्यांना नुसते पाणी का दिले असावे? विचार करून लिहा.
५. लाभ व धोका यांची तुलना करून पाठात कोणता निर्णय दिला आहे?
६. पुढील शब्दांचा व शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : वाटेकरी, अगत्याचे असणे, वासना उडणे, रोगापेक्षा इलाज भयंकर.
७. ‘डोळस मायाच खरे रक्षण करते’ या विचारावर दहा ओळी लिहा.