चला, मॉरिशस समजून घेऊ : व्हिसाचे नियम आणि बेटाचा निसर्ग



परदेशी सहलीचा विषय घरात निघाला की पहिला प्रश्न असतो, "व्हिसा लागतो का?" आणि दुसरा, "तिथे पाहण्यासारखे काय आहे?" हे दोन्ही प्रश्न आपण वेगवेगळे समजतो. या पाठात आम्ही मॉरिशसचे उदाहरण घेऊन ते एकत्र अभ्यासणार आहोत. पाहुण्याला दारातच जे विचारले जाते, त्यामागची काही कारणे घराच्या आत गेल्यावर कळतात. देशांचेही तसेच आहे.

स्थान आणि हवामान

नकाशात आपले बडोदे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २२ अंशांवर आहे, तर मॉरिशस दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. म्हणजे दोन्ही ठिकाणे उष्ण कटिबंधातच येतात, पण ऋतू उलटे! आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होत असते, तेव्हा तिथे सौम्य थंडीला सुरुवात होते. तिथला उन्हाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. वादळेही याच काळात येतात, म्हणून नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हवामानाची चौकशी अवश्य करावी. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. मुंबईहून थेट विमानाने सहा-साडेसहा तास लागतात.

दारातले प्रश्न

भारतीय पासपोर्ट असणाऱ्याला पर्यटनासाठी मॉरिशसचा व्हिसा आगाऊ काढावा लागत नाही. परंतु 'व्हिसा नको' याचा अर्थ 'कागद नकोत' असा नाही. विमानतळावर अधिकारी पुढील गोष्टी पाहू शकतात :

१. वैध पासपोर्ट. मुलांनाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. आपल्याकडे लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालतो. पालकांनी ही तारीख तिकिटे काढण्यापूर्वी पाहावी.
२. परतीचे तिकीट.
३. राहण्याच्या जागेचा पुरावा. हॉटेलचे आरक्षण किंवा ज्यांच्याकडे उतरणार त्यांचा पत्ता.
४. मुक्कामाच्या खर्चाला पुरेसे पैसे.
५. सामानात फळे, बिया, रोपे किंवा प्राणिजन्य पदार्थ असल्यास त्यांची माहिती.

पर्यटक म्हणून आलेल्याला तिथे नोकरी करता येत नाही. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी मॉरिशसच्या दिल्लीतील उच्चायुक्त कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी.

यातला पाचवा प्रश्न अनेकांना क्षुल्लक वाटतो. आजीने प्रेमाने दिलेले दोन आंबे किंवा तुळशीचे रोप यांनी एवढे काय बिघडणार? उत्तर बेटाच्या आत आहे.

आतले बेट

मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. क्युरपिप गावाजवळचे त्रू-ओ-सेर्फ हे जुने ज्वालामुखीचे मुख आज झाडीने भरलेले दिसते. शामारेल येथे लाल, तपकिरी, जांभळ्या छटांच्या मातीच्या टेकड्या आहेत. लाव्ह्याच्या खडकाची झीज होऊन ही रंगीत माती तयार झाली. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळांची भिंत आहे, त्यामुळे किनाऱ्याचे पाणी शांत असते. दक्षिणेला ग्री-ग्री येथे ही भिंत तुटलेली आहे आणि तिथे लाटा थेट कड्यावर आदळतात. भिंतीचे काम काय, हे त्या एका जागी उभे राहिले की समजते.

माणसाचा कायमचा वावर नव्हता तोवर या बेटावर डोडो हा उडू न शकणारा पक्षी सुखाने नांदत होता. १५९८ मध्ये डच आले. जहाजांबरोबर डुकरे, उंदीर, माकडे यांसारखे प्राणी बेटावर पोहोचले. डोडो जमिनीवर अंडी घालत असे. ती या प्राण्यांच्या तोंडी पडली. जंगलतोड आणि शिकार होतीच. शंभर वर्षांच्या आत डोडो जगातून नाहीसा झाला. पुढे ऊसशेतीसाठी जंगल तुटले आणि बाहेरून आणलेल्या एका जातीच्या पेरूने उरलेल्या रानात मुळे रोवली. आज चांगल्या स्थितीतले मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहून कमी आहे. पाहुण्याच्या पिशवीतल्या बीला हे बेट का घाबरते, ते आता लक्षात येईल.

मात्र हानी थांबवता येते, हेही मॉरिशसने दाखवले आहे. तिथल्या खेरमुतिया जातीच्या ससाण्याचे १९७४ मध्ये रानात फक्त चार पक्षी माहीत होते. त्यांची अंडी जपून, पिल्ले वाढवून ही जात वाचवण्यात आली. १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान झाले. २०२० मध्ये 'वाकाशिओ' हे जहाज प्रवाळभिंतीवर अडकून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले, तेव्हा गावोगावच्या लोकांनी उसाचा पाला कापडात भरून तेल अडवायचे बंधारे केले.

एक वेगळा कागद

आता इतिहासाकडे वळू. १८३४ पासून सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर कराराने या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागातले मराठी लोकही होते. पोर्ट लुई येथील त्यांची उतरण्याची जागा, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. त्यांनाही कागद लागत. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र असलेला ओळखीचा कागद आणि पास सतत जवळ बाळगणे सक्तीचे झाले. तो नसला तर दंड किंवा तुरुंग! आजचा पर्यटक पासपोर्ट दाखवून पाच मिनिटांत बाहेर पडतो आणि समुद्र पाहायला जातो. त्या माणसांना शेजारच्या मळ्यापर्यंत जायलाही कागद हवा होता.

तरीही ती माणसे टिकली. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव राखला; गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातील जाखडी 'झाकरी' या नावाने अजून नाचली जाते आणि शाळांतून मराठी शिकवली जाते. आपणही पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळा चालवणारी माणसे आहोत. त्यामुळे मॉरिशसला गेलात तर समुद्रकिनाऱ्याबरोबर आप्रवासी घाटावरही थोडा वेळ थांबा, असे आम्ही आवर्जून सुचवतो. आणि विमानतळावर पिशवीत काय आहे असे विचारले, तर न कंटाळता खरे उत्तर द्या.

स्वाध्याय

१. बडोदे व मॉरिशस दोन्ही उष्ण कटिबंधात असूनही ऋतू उलटे का?
२. प्रवाळभिंत नसती तर किनाऱ्यावर काय परिणाम झाला असता?
३. आपल्या परिसरात बाहेरून आलेली आणि फोफावलेली एक वनस्पती शोधा. ती कुठून आली ते घरच्यांना व शिक्षकांना विचारून लिहा.
४. आपले कुटुंब या गावात कधी व कोणत्या कारणाने आले? आजी-आजोबांना विचारून दहा ओळी लिहा. घरात जुना कागद असेल तर तो जपून पाहा.