खोल समुद्रातील तेलाची मुशी

कोकणपट्टीत ज्या माशास मुशी अथवा मोरी म्हणतात, त्यालाच इंग्रजीत शार्क हे नाव आहे. शार्क म्हटले की भयंकर जबडा व रक्ताने तांबडे झालेले पाणी एवढेच बहुतेकांच्या मनात येते. परंतु शार्क माशांच्या पाचशेहून अधिक जाती आज ज्ञात आहेत, आणि त्यांतील पुष्कळ जाती दोनशे मीटरांहून अधिक खोल पाण्यात राहतात. त्यांनी मनुष्यास सहसा त्रास दिलेला नाही. मनुष्याने मात्र त्यांस दिला आहे. अशाच एका लहानशा समूहाविषयी आज आम्ही वाचकांस सांगणार आहोत.

ह्या समूहाचे शास्त्रीय नाव सेंट्रोफोरस असे आहे. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ काटा धारण करणारा असा होतो. ह्या माशाच्या पाठीवर दोन पर असतात, व प्रत्येक पराच्या पुढे एक बळकट काटा असतो. त्यावरून हे नाव पडले. इंग्रजीत ह्यास गल्पर, म्हणजे गटागट गिळणारा, असे म्हणतात. आमच्या मते हे नाव ह्या गरीब प्राण्यास शोभत नाही. ह्याची लांबी बहुधा एक ते दीड मीटर असते, व रंग करडा किंवा तपकिरी असतो. डोळे मात्र मोठे व हिरवट असून त्यांच्या आत प्रकाश परतविणारा पडदा असतो. रात्री कंदिलाच्या उजेडात बैलाचे डोळे कसे चमकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तसाच हा प्रकार होय.

हे मासे सामान्यतः तीनशेपासून हजार मीटरांपर्यंतच्या खोलीवर आढळतात. काही जाती त्याहूनही खाली जातात. दोन्ही हात पसरले असता जे अंतर होते त्यास वाव म्हणतात, व समुद्राची खोली त्या मापाने मोजण्याची चाल जुनी आहे. त्या मापाने हे अंतर सुमारे दीडशे ते साडेपाचशे वाव भरते. वीस मीटर खोल अशा चाळीस विहिरी एकीखाली एक ठेवल्या, तर आठशे मीटर होतील. इतक्या खाली दिवस असूनही रात्रच असते, आणि पाणी फार थंड असते. सुमारे 1843 साली एडवर्ड फोर्ब्स नामक निसर्गशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले होते की, तीनशे वावांच्या खाली कोणताही जीव असणे शक्य नाही. हे मत पुढे पूर्णपणे खोटे ठरले.

अशा ठिकाणी अन्न फार थोडे मिळते. जो प्राणी व्यर्थ धडपड करील, तो उपाशी मरेल. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते व तिच्यायोगे ते पाण्यात अधांतरी राहतात. परंतु कोणत्याही शार्कला ही पिशवी नसते. तिचे काम त्याचे यकृत, म्हणजे काळीज, करते. ह्या माशाचे यकृत त्याच्या सर्व वजनाच्या चौथ्या हिश्शाइतके भरू शकते, व ते तेलाने गच्च भरलेले असते. त्या तेलाचा मोठा भाग स्क्वालीन नामक पदार्थाचा असतो. एक लिटर समुद्राचे पाणी सुमारे 1025 ग्रॅम भरते, तर एक लिटर स्क्वालीन सुमारे 860 ग्रॅमच. म्हणून हा मासा फारसे श्रम न करता अंधारात तरंगत राहतो. हे तेल नसते तर त्यास तेथे राहताच आले नसते. आणि ह्याच तेलासाठी मनुष्य त्याच्या मागे लागला आहे.

जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारु त्सुजिमोतो ह्यांनी 1906 साली शार्कच्या यकृताच्या तेलात हा पदार्थ शोधून काढला, व पुढे 1916 साली त्यास स्क्वालीन हे नाव दिले. त्यानंतर औषधाच्या गोळ्यांत, तोंडास लावावयाच्या मलमांत व ओठांच्या रंगात त्याचा उपयोग होऊ लागला. काही लशींचा गुण वाढावा म्हणूनही ते घालतात. इटलीत 1997 साली अशा एका इन्फ्लुएंझाच्या लशीस प्रथम परवानगी मिळाली. लशींना हे तेल लागते ते फार थोडे. मोठा खप सौंदर्यप्रसाधनांचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता ह्या माशाच्या वंशवृद्धीचा हिशेब वाचकांनी लक्ष देऊन पाहावा. रात्रीच्या शाळेत हा पाठ घेणाऱ्या बंधूंनी तो फळ्यावर मांडला तर बरे होईल. बांगड्यासारखी मासळी एका वेळी हजारो अंडी घालते. ही मुशी अंडी बाहेर घालीत नाही. तिच्या पोटातच पिलू वाढते. तिच्या एका अंड्याचा बलक कोंबडीच्या तीनचार अंड्यांच्या वजनाचा असू शकतो, इतकी पुंजी आई त्या एका पिलासाठी साठविते. भूमध्य समुद्रातील जातीचा अभ्यास केला असता असे दिसून आले की, एका वेळी एकच पिलू होते व ते सुमारे दोन वर्षे पोटात राहते. मादी वयात येण्यास पंधरासोळा वर्षे लागतात. ती चाळीस वर्षांची होईपर्यंत जगली व मध्ये एकही खाडा पडला नाही असे धरले, तरी तिला जन्मभरात दहाबारा पिले होणार. प्रत्यक्षात त्याहून कमीच. ज्याच्या गोठ्यातील म्हैस सोळाव्या वर्षी प्रथम विते, त्याने दर बाजारी एक जनावर विकले तर गोठ्याचे काय होईल, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

तेच समुद्रात घडले. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतापुढील समुद्रात कपाला नामक सरकारी जहाजाने 1976-77 साली जाळे ओढून माशांची मोजणी केली. वीस वर्षांनी, 1996-97 साली, त्याच जहाजाने त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी केली. मधल्या काळात तेथे मोठी मासेमारी झाली होती. पहिल्या वेळी ह्या समूहातील जितके मासे मिळाले होते, त्यांतील शंभरात एकही दुसऱ्या वेळी शिल्लक नव्हता. मालदीव बेटांत ह्या तेलाचा धंदा 1980 साली सुरू झाला, काही वर्षे भरभराटीस आला, आणि मासेच न उरल्यामुळे बसला. तेथील सरकारने 2010 साली सर्व शार्कची मासेमारी बंद केली. पुढे 2025 साली ह्याच खोल पाण्यातील मुशीपुरती ती पुन्हा उघडण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. आपल्या देशातही केरळातील कोची बंदरावर ह्या शतकाच्या आरंभापासून खोल पाण्यातील मुशी येऊ लागल्या. सर्व जगाचा आढावा 2024 साली प्रसिद्ध झाला. त्यात खोल समुद्रातील शार्क व पाकट अशा 521 जाती तपासल्या होत्या. दर सात जातींमागे एक जात नष्ट होण्याच्या धोक्यात आहे असे आढळले.

मासेमारास दोष देणे सोपे आहे. परंतु जो कोळी पोटासाठी दूर समुद्रात जातो, तो भाव मिळेल तेच आणणार. भाव ठरतो तो शहरातील दुकानात, जेथे मलमाच्या डबीवर हे तेल कोठून आले हे बहुधा लिहिलेले नसते.

आणि हे तेल केवळ मुशीपाशीच आहे असेही नाही. आपल्या स्वतःच्या कातडीवर जो स्निग्धांश येतो, त्यातही स्क्वालीन असते. ऑलिव्हच्या तेलात ते असते, व तेथून काढून पुष्कळ कारखाने ते वापरतात. उसाच्या साखरेवर यीस्ट पोसून त्यापासून मलमास लागणारे तशाच गुणाचे तेल तयार करण्याची रीतही निघाली आहे. आणखी आमच्या वाचकांच्या ओळखीचे म्हणजे, उपासाच्या लाडवांस लागणारा राजगिरा: त्याच्या दाण्यांत तेल थोडेच निघते, परंतु त्या तेलात स्क्वालीनचा अंश इतर बहुतेक धान्यांच्या व बियांच्या तेलांहून पुष्कळच अधिक असतो.