बॉनेटवरचे पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग

प्रश्न : आमची गाडी सोसायटीत वडाखाली उभी असते. पक्ष्यांची विष्ठा पुसली, तरी बॉनेटवर निस्तेज डाग राहिले आहेत. रंग पुन्हा मारावा लागेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा नाही. विष्ठा रंगावरच्या पारदर्शक थराला, म्हणजे क्लिअर कोटला, खाते. शिवाय उन्हात तापलेला हा थर मऊ पडून प्रसरण पावतो, आणि गार होताना वाळलेल्या विष्ठेभोवती आकसून तिचा ठसा धरतो. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये लगेच पुसणं फार गरजेचं.

डागावरून नख हळूच फिरवा. अडकलं नाही, तर बारीक पॉलिशने डाग जाईल किंवा बराच फिका होईल. मात्र हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनच जाड असतो आणि प्रत्येक पॉलिशला थोडा झिजतो. नख अडकलं, तर आधी डिटेलरकडून रंगाची जाडी मोजून घ्या. पापुद्रे सुटू लागले असतील, तरच बॉनेट रंगवून घ्या.

वाळलेली विष्ठा कोरड्या फडक्याने कधीही खरडू नका. तिच्यातले कण ओरखडे पाडतात. ओलं मायक्रोफायबरचं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग अलगद उचला. वॅक्समुळे थोडा वेळ मिळतो, इतकंच. पाण्याची बाटली आणि स्वच्छ फडकं गाडीतच असू द्या.