खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी : तंत्राची निवड

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते वेगळे करण्याच्या मुख्य रीती दोन. पहिलीत पाण्याची वाफ करून ती थंड करतात; दुसरीत पाणी मोठ्या दाबाखाली सूक्ष्म पडद्यातून नेतात व क्षार मागे राहतात. हिलाच व्यस्त परासरण किंवा ‘आर. ओ.’ म्हणतात. तमिळनाडूत कल्पाक्कम येथे अणुवीज केंद्राची वाफ हाताशी असल्याने भाभा अणुसंशोधन केंद्राने दोन्ही रीतींची सांगड घातली. अशी उष्णता उपलब्ध नसेल तेथे पडद्याची रीत सहसा कमी खर्चाची ठरते. तंत्र स्थळ पाहून निवडावे, हा यातील बोध होय.

सांगली व सातारा जिल्ह्यांना समुद्र नाही; परंतु खाऱ्या पाण्याचा प्रश्न आहे. वाळवा, पलूस व मिरज तालुक्यांत कृष्णाकाठच्या काळ्या जमिनींत उसाला दिलेले जादा पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे क्षार वर आले. जत, आटपाडी, माण व खटाव हे पर्जन्यछायेचे तालुके असून तेथील अनेक गावे विंधन विहिरींवर विसंबून राहिली आहेत.

आधी तपासणी, मग यंत्र

भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. अन्य स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालतात. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे.

नदीचे पाणी केवळ गढूळ असेल तर तुरटी, वाळूची गाळणी व क्लोरीन पुरेसे असते. दोष फ्लोराइडचाच असेल तर नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेली, चुना व तुरटी वापरणारी नालगोंडा पद्धत विचारात घ्यावी. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. क्षार फार असतील आणि दुसरा स्रोत नसेल, तेव्हाच आर. ओ. संयंत्राचा विचार व्हावा.

मागे राहणाऱ्या पाण्याचे काय?

समजा, लिटरला ३ ग्रॅम क्षार असलेल्या १०,००० लिटर पाण्यापासून रोज ५,००० लिटर गोडे पाणी मिळते. उरलेल्या पाण्यातून वर्षाला दहा टनांहून अधिक क्षार बाहेर पडतील. किनाऱ्यावर असे पाणी, योग्य काळजी घेऊन, समुद्रात सोडता येते. येथे ते ओढ्यात किंवा शेतात सोडल्यास आधीच खारावलेली जमीन आणखी बिघडेल आणि क्षार पुन्हा विहिरीत उतरतील.

म्हणून संयंत्र पिण्यापुरतेच असावे. सांडपाण्याची व्यवस्था, वीज व पडदे बदलण्याचा खर्च यांची तरतूद ग्रामसभेने मंजुरीपूर्वीच पाहावी. टेंभू, ताकारी, म्हैसाळ यांसारख्या योजनांचे पाणी पोहोचू शकत असेल, तर ते शुद्ध करून घेणे अधिक हिताचे ठरेल.